स्मारकाचा सातबारा

आज २६ जुलै, कारगिल विजय दिन. हिंजवडीच्या दुसऱ्या टप्प्यातल्या एका कंपनीच्या फाटकावर सकाळी पावणेनऊला गाड्यांची रांग लागली होती आणि मावळातला आडवा पाऊस सगळ्यांना सारखाच झोडपत होता. गाड्यांखाली आरसा सरकवून पाहणारा रखवालदार पन्नाशीपुढचा. उघड्या रेनकोटातून त्याच्या खिशावरची रंगीत फीत दिसत होती. कंपनीच्या गणवेशावर फौजेतल्या फिती लावायच्या नसतात. आजच्या दिवसापुरती सुपरवायझरने डोळेझाक केली असावी. आत लॉबीत थर्माकोलचा टायगर हिल उभा केला होता, वर कागदी तिरंगा. अकरा वाजता त्याच्यासमोर दोन मिनिटे स्तब्धता पाळायची होती. हा माजी सैनिक मात्र तिथे नसणार होता, कारण फाटक सोडता येत नाही.

यात कुणाचा दुष्टावा नाही. लॉबीत जागा होती, छप्पर होते, फोटोला उजेड बरा होता. स्मारकांच्या जागा आपल्याकडे साधारण अशाच ठरतात. रिकामी कुठे आहे, दिसायला चांगली कुठे आहे, पाहुण्यांच्या गाड्या कुठपर्यंत जातील, एवढे पाहिले की नारळ फुटतो. ज्यांची आठवण ठेवायची त्यांच्या माणसांना तिथे येता येईल का, हे विचारायची पाळी उद्घाटनानंतर येते.

देशाच्या राजधानीतही वेगळे घडले नाही. राष्ट्रीय युद्धस्मारक हवे, ही सैन्यदलांची मागणी १९६० ची. तोवर दिल्लीत स्मारक होते ते इंग्रजांनी बांधलेले. १९२१ मध्ये पायाभरणी झालेले आणि १९३१ मध्ये खुले झालेले इंडिया गेट पहिल्या महायुद्धात आणि तिसऱ्या अफगाण युद्धात साम्राज्यासाठी पडलेल्या सैनिकांचे. त्याच्या दगडावर तेरा हजारांवर नावे आहेत, पण स्वतंत्र भारतासाठी पडलेल्याचे एकही नाही. बांगलादेश युद्ध जिंकल्यावर २६ जानेवारी १९७२ रोजी त्याच कमानीखाली उलटी रायफल, तिच्यावर शिरस्त्राण आणि अखंड ज्योत अशी अमर जवान ज्योती आली. भाड्याच्या घरात देव बसवावा तसे ते झाले. देवाला त्याचे काही वाटत नाही, पण घर आपले नाही हे घरच्यांना ठाऊक असते.

पुढची चाळीसेक वर्षे जागेच्या वादात गेली. इंडिया गेटच्या परिसरात स्मारक नको, तिथली मोकळी हिरवळ दिल्लीकरांच्या फिरण्याची आहे, असा आक्षेप २०१२ मध्ये तेव्हाच्या मुख्यमंत्री शीला दीक्षित यांनीच घेतला होता. २०१४ च्या अर्थसंकल्पात शंभर कोटींची तरतूद झाली, ७ ऑक्टोबर २०१५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि २५ फेब्रुवारी २०१९ ला स्मारक खुले झाले. सुमारे चाळीस एकर, खर्च १७६ कोटी, ग्रॅनाइटच्या विटांवर कोरलेली २५,९४२ नावे. चेन्नईचे वास्तुरचनाकार योगेश चंद्रहासन यांनी चक्रव्यूहासारखी एकात एक वर्तुळे योजली. स्मारक देखणे आहे, संयत आहे. तिथे भाषणांपेक्षा नावांना जास्त जागा मिळाली, हे आम्हाला विशेष आवडले.

मग २१ जानेवारी २०२२ रोजी इंडिया गेटखालची ज्योत या नव्या स्मारकातल्या ज्योतीत विलीन झाली आणि दोन्ही बाजूंनी गळे काढले गेले. एका बाजूला पन्नास वर्षांची ज्योत विझवल्याचा संताप, दुसऱ्या बाजूला गुलामीच्या कमानीखालून ती सोडवल्याचा आनंद. दोघांचे म्हणणे ऐकण्यासारखे होते, पण ते ऐकायची वेळ टळून गेली होती. इतक्या वर्षांत सरकारने या जागेसाठी विधेयक आणले नाही. ते आले असते, तर हीच भांडणे सभागृहात झाली असती, त्यांची नोंद राहिली असती आणि ज्योत कुठे असावी याचे उत्तर पाया खणण्याआधी मिळाले असते.

अमेरिकेत हे कायद्याने चालते. राजधानीतल्या सरकारी जमिनीवरच्या स्मारकांसाठी त्यांनी १९८६ मध्ये स्वतंत्र कायदा केला. प्रत्येक स्मारकाला काँग्रेसची मंजुरी लागते आणि युद्ध अधिकृतपणे संपून दहा वर्षे झाल्याशिवाय त्याचे स्मारक करता येत नाही. दहा वर्षांची ही अट आम्हाला फार शहाणपणाची वाटते. विजयाची धुंदी आणि पराभवाची लाज दोन्ही ओसरायला तेवढा वेळ लागतोच. वॉशिंग्टनच्या मध्यवर्ती मैदानाला ते लोक ‘मॉल’ म्हणतात. (हिंजवडीच्या वाचकाने गोंधळू नये, तिथे सेल लागत नाही.) तो मैदानपट्टा आता भरला, यापुढे तिथे नवे स्मारक नाही, असेही त्यांनी २००३ मध्ये कायद्यात लिहून ठेवले.

आणि पुढे काय झाले? दहशतवादाविरुद्धच्या युद्धाचे स्मारक हवे म्हणून माजी सैनिक उभे राहिले. ते युद्ध कधी संपणार हे कुणालाच सांगता येईना, तेव्हा २०१७ मध्ये दुसरा कायदा करून दहा वर्षांची अट त्या स्मारकापुरती उठवली. मग जागा. ती त्याच भरलेल्या मैदानात हवी होती. डिसेंबर २०२१ मध्ये संरक्षण खर्चाच्या भल्यामोठ्या विधेयकात एक कलम घालून तीही मिळवली. म्हणजे कायद्याने घातलेले कुंपण कायद्यानेच ओलांडले. यावरून कायदा निरुपयोगी, असा अर्थ आम्ही काढत नाही. कुंपण ओलांडणाऱ्याला निदान दिवसाउजेडी, मतदान घेऊन ओलांडावे लागले.

आपल्याकडेही स्मारकाचा कायदा आहे, पण त्याची गोष्ट उलट्या क्रमाची. जालियनवाला बागेची जागा कुणी निवडली नाही, ती १३ एप्रिल १९१९ च्या गोळीबाराने ठरली. पुढच्याच वर्षी लोकांनी वर्गणी काढून ती जमीन विकत घेतली आणि स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये संसदेने राष्ट्रीय स्मारकाचा कायदा करून विश्वस्त मंडळ नेमले. आधी रक्त, मग वर्गणी, मग कायदा. २०१९ मध्ये त्यात दुरुस्ती झाली, ती काँग्रेस अध्यक्षांचे पदसिद्ध विश्वस्तपद काढण्यासाठी. खुर्च्यांवरून वाद झाला तरी जागेला धक्का लागला नाही.

स्मारकाच्या जागेसाठी कायदा असावा, हे आमचे मत आहे. पण ते मुळशी तालुक्यात बसून मांडताना जीभ जरा अडखळते. या तालुक्याने कायद्याने जमीन जाताना पाहिली आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेऊन टाटा कंपनीच्या धरणासाठी मुळा खोऱ्यातली पन्नासएक गावांची भातखाचरे जायची वेळ आली, तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे, पांडुरंग महादेव बापट आणि मावळ्यांच्या बायका-पोरांसकट सगळे त्यात होते. त्या लढ्याने बापटांना ‘सेनापती’ ही पदवी दिली. धरण व्हायचे ते झालेच. बापटांचे नाव आज रस्त्याला आहे, पाण्याखाली गेलेल्या गावांची नावे घ्यायला मात्र मुळशीतली म्हातारी माणसे शोधावी लागतात.

हिंजवडीची स्वतःची कथाही जागेचीच. (गावाचे नाव हिंजवडी. ‘हिंजेवाडी’ ही इंग्रजी पाट्यांची देणगी, आणि ती गावकऱ्यांना अजून टोचते.) शरद पवार एक किस्सा सांगतात. इथे सहकारी साखर कारखान्याच्या भूमिपूजनाला त्यांना बोलावले होते. भूमिपूजन झाले आणि भाषणात त्यांनीच सांगून टाकले की कारखाना इथे होणार नाही, त्याला दुसरी जागा देऊ, इथे आयटी आणू. संत तुकाराम कारखाना पुढे कासारसाई-दारुंब्रे भागात उभा राहिला आणि हिंजवडीत राजीव गांधी इन्फोटेक पार्क आले. उसाऐवजी संगणक आले, हजारो तरुणांना पगार मिळाले, याबद्दल कृतज्ञच राहिले पाहिजे. पण एका भाषणात गावाचे पुढचे शतक बदलू शकते, एवढी ताकद जागा ठरवणाऱ्याच्या हाती असते, हेही या किश्श्यात आहे. कारखान्याच्या बाबतीत ते चालून गेले. स्मारकाच्या बाबतीत अशी घोषणा चालू नये.

म्हणून कायदा करायचा तर त्यात पहिले कलम हे असावे की स्मारकासाठी कुणाचीही जमीन सक्तीने घेतली जाणार नाही. हुतात्म्याच्या नावाखाली दुसऱ्याचे खाचर गेले, तर त्या दगडापुढे हात जोडताना त्या शेतकऱ्याने काय म्हणावे? जमीन सरकारी असावी, नाहीतर लोकांनी आपण होऊन दिलेली. बाकीची कलमे नंतर पाहता येतील.

पुण्याला जागेच्या निवडीचा एक फार चांगला धडा घरातच मिळाला आहे आणि तो आपण स्मारक म्हणून ओळखतही नाही. हिंजवडीहून बंगलोर हायवेने चांदणी चौकात जा, तिथून आत वळा, की राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी लागते. एनडीए. पुणेकरांना ती शिस्तीची शाळा म्हणून ठाऊक आहे. मुळात ती युद्धस्मारकाच्या पैशातून सुचलेली गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या फौजांशी पूर्व आफ्रिकेत भारतीय सैनिक लढले. केरेनच्या डोंगरकड्यांवर मराठा पलटणी होत्या. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधले सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांना त्याच मोहिमेत, सलग चार दिवस रस्त्यावरचे सुरुंग काढल्याबद्दल, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सुदान वाचला. त्या उपकाराची आठवण म्हणून सुदान सरकारने १९४१ मध्ये एक लाख पौंड व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्याकडे दिले आणि सांगितले, तुमच्या सैनिकांचे स्मारक बांधा.

कमान बांधता आली असती, एखादा संगमरवरी पुतळाही उभा राहिला असता. युद्ध संपल्यावर ऑकिन्लेक यांच्या समितीने तिन्ही दलांच्या अधिकाऱ्यांना एकत्र शिक्षण देणारी प्रबोधिनी काढावी असे सुचवले आणि सुदानचा पैसा तिकडे वळला. मध्येच फाळणी झाली. स्मारकाच्या पैशाचीही वाटणी झाली: सत्तर हजार पौंड भारताला, तीस हजार पाकिस्तानला. मेलेले सैनिक एकाच सैन्यातले, पण त्यांच्या स्मरणाचा निधी सात-तीनच्या प्रमाणात कापला गेला. फाळणीच्या कागदपत्रांत टंकलेखन यंत्रे आणि खुर्च्यांपर्यंत सगळ्याचे वाटे झाले, त्यातलाच हा एक.

मग जागा. खडकवासला का? तलाव होता, म्हणजे नौदलाचे शिक्षण झाले. सभोवती डोंगर आणि समोर सिंहगड, म्हणजे पायदळाचे झाले. लोहगावला विमानतळ होता. मुंबई जवळ, दक्षिण कमांड पुण्यात, हवा बरी. शिवाय तलावाच्या उत्तर काठावर महायुद्धातले एक प्रशिक्षण केंद्र पडून होते आणि त्यात चक्क एक खोटे जहाज होते. ‘एचएमएस अँगोस्टुरा’ नावाचे ते नकली जहाज जमिनीवर बांधलेले, जहाजातून किनाऱ्यावर उतरण्याचा सराव करायला. मुंबई राज्याने आठ हजार एकरांवर जमीन दिली. ६ ऑक्टोबर १९४९ ला नेहरूंनी कोनशिला बसवली, १९५४ च्या अखेरीस देहरादूनहून संस्था इथे आली आणि मुख्य इमारतीला नाव मिळाले ‘सुदान ब्लॉक’. जोधपूरच्या तांबूस दगडाची, घुमटाची ती इमारत आज संचलनाच्या चित्रफितींत सगळ्यांनी पाहिलेली असते. ती खार्टूमच्या कृतज्ञतेतून आलेली आहे, हे शंभरातल्या किती पुणेकरांना ठाऊक असेल कोण जाणे.

या निवडीत कायदा नव्हता, हे कबूल करायला हवे. पण ‘ही जागा कशासाठी’ हा प्रश्न आधी सुटला होता. शिकवायचे आहे, म्हणून पाणी हवे, डोंगर हवा, धावपट्टी हवी. कारणे कागदावर होती आणि ती तपासता येत होती. आमच्या कल्पनेतल्या कायद्याने नेमके हेच सक्तीचे करावे. जागेची कारणे लेखी सभागृहापुढे ठेवा, हरकती-सूचना मागवा, त्यांची उत्तरे द्या. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यात साध्या क्रीडांगणाच्या किंवा भाजी मंडईच्या आरक्षणालाही हरकत घेता येते. हुतात्म्यांच्या जागेला मंडईपेक्षा कमी चौकशी का?

कायद्याच्या आधी लोकांचे पाय जागा ठरवतात, याचे उदाहरण लंडनचे. १९१९ च्या जुलैत विजय संचलनासाठी व्हाइटहॉल रस्त्याच्या मधोमध लाकूड आणि प्लास्टरचा तात्पुरता स्तंभ उभारला. संचलनानंतर तो पाडायचा होता. पण लोक फुले घेऊन येत राहिले, ढीग लागले. भर रहदारीच्या रस्त्यात स्मारक नको, वाहतुकीला अडथळा होईल, अशी कुरकुर झाली. अखेर त्याच जागी दगडाचा स्तंभ बांधला गेला. त्याचे रचनाकार एडविन लट्येन्स, म्हणजे आपल्या इंडिया गेटचेच. शिवाजी चौकातून भूमकर चौकात पोहोचायला तासभर घालवणाऱ्याला वाहतुकीच्या मुद्द्याबद्दल सहानुभूती वाटेल, पण त्या लोकांनी फुले दुसरीकडे न्यायला नकार दिला एवढे खरे.

पुण्यातही असे थोडेफार झाले आहे. कॅम्पातले दक्षिण कमांडचे राष्ट्रीय युद्धस्मारक १५ ऑगस्ट १९९८ रोजी खुले झाले ते नागरिकांच्या वर्गणीतून. पुढे तिथे मिग-२३ विमानही आले. रविवारी पोरे त्याच्या पंखाखाली धावतात. ज्यांना यात अनादर दिसतो त्यांच्याशी आम्ही सहमत नाही.

आणि सगळ्यात जुनी जागा तर आपल्या गावांनी कधीच ठरवून ठेवली आहे. मावळ-मुळशीतल्या जुन्या देवळांच्या आवारात वीरगळ सापडतात. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर आणि माथ्यावर कलश. बहुतेकांवर नाव नाही. पण जागा ठरलेली: देवळाशी, नाहीतर वेशीवर, जिथून गावाला जावे-यावे लागतेच. साताऱ्याजवळचे अपशिंगे याच वळणाचे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले. गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागले, गावात स्तंभ उभा राहिला आणि आजही तिथून पोरे भरतीला जातात. स्तंभ जिल्ह्याच्या गावी नेला असता तर हे झाले असते का, याची आम्हाला शंका आहे.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ मोहिमेत गावोगाव शिलाफलक बसले. कल्पना चांगली होती: गावातल्या वीरांची नावे गावातच, आणि गावची माती कलशातून दिल्लीच्या युद्धस्मारकाशेजारच्या अमृतवाटिकेत. पण मजकूर वरून आला, आकार वरून आला, मुदतही वरून आली. घाईत कुठे ग्रामपंचायतीची मागची भिंत मिळाली, कुठे शाळेचा कोपरा. मागच्या महिन्यात आम्ही एक फलक पाहिला, त्याच्यासमोर चार दुचाकी लावलेल्या. नावे वाचायला एक गाडी बाजूला घ्यावी लागली. गाडीवाला ओशाळला, म्हणाला, “इथं सावली असती ना, म्हणून.”

मुळशी तालुक्यातून सैन्यात गेलेल्यांचे एकत्र स्मारक करायचे ठरले, तर ते कुठे? तालुक्याचे ठिकाण पौड, तहसील तिथे, ध्वजवंदन तिथे. माणसे मात्र हिंजवडीत, लाखाने. पौडवाले म्हणतील मान आमचा, हिंजवडीवाले म्हणतील पाहणार कोण. आयटी पार्कातल्या चकचकीत चौकात, मेट्रोच्या खांबाशेजारी, एमआयडीसीच्या सुशोभीकरणाच्या पट्ट्यात ते बसवण्याचा मोह कुणाला तरी होईलच. आमचे मत त्याच्या विरुद्ध आहे. तिथे थांबायला जागा नाही आणि सिग्नल सुटला की मागचा हॉर्न वाजवतो. हिंजवडीतच करायचे तर ते जुन्या गावठाणात, म्हातोबाच्या देवळाकडे असावे, जिथे यात्रेला गाव आजही एकत्र येते. पण पौडला झाले तरी आमची तक्रार नाही, ठराव मात्र ग्रामसभांचे हवेत, मंत्र्यांच्या पत्राचे नकोत. ग्रामपंचायत कायद्याने ग्रामसभेला दिलेला ठराव हे आपल्या हातातले सगळ्यात लहान कायदेमंडळ आहे, आणि संसद विधेयक आणील तेव्हा आणील.

प्रथेप्रमाणे १५ ऑगस्टला ग्रामसभा होतात. विषयपत्रिकेवर हा विषय घालायला अजून वीस दिवस आहेत. आमची सूचना एकच, सभा सकाळी झेंडावंदनानंतर न घेता संध्याकाळी सातनंतर घ्यावी. फाटकावरची दिवसपाळी सातला सुटते.